मोटरहोमचे चुण्यांचे पडदे काढून धुवायचे कसे? (हळदीचा डागही आहे)

तेजू_फिनिक्स

नमस्कार मंडळी, मार्चमध्ये आम्ही एक सेकंडहँड मोटरहोम घेतलं, 2009 चं क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं), 31 फुटी. इंजिन, टायर, छत सगळं बघून घेतलं, पडद्यांकडे मात्र कोणीच बघितलं नाही. एकूण नऊ खिडक्यांना ते चुण्याचुण्यांचे डे-नाइट शेड आहेत, वर पांढरं पातळ कापड आणि खाली जाड बदामी. म्हणजे कधीकाळी पांढरं असणार, आता सगळंच बदामी आहे. आधीच्या मालकाकडे कुत्रा होता (केस अजून निघतायत) आणि तो आत बसून सिगरेट ओढायचा असं मला वाटतंय, कारण ऊन तापलं की पडद्यांतून तसला वास येतो.

त्यात जुलैमध्ये सासूबाई आल्या होत्या तेव्हा ग्रँड कॅन्यनला गेलो होतो. तिथे त्यांनी वरणाला फोडणी दिली, गाडीतलं स्वयंपाकघर म्हणजे केवढं, शेगडीच्या शेजारीच खिडकी. मोहरी तडतडली आणि हळदीचं तेल थेट पातळ पडद्यावर, चांगले आठ-दहा शिंतोडे. मी घाईघाईत ओल्या कपड्याने पुसायला गेले आणि ते पसरले.

इथल्या एका दुकानात विचारलं तर म्हणे धुण्याचं आम्ही करत नाही, नवीन घ्या, एका खिडकीचे दीडशे डॉलर आणि बसवायचे वेगळे. गुणिले नऊ केलं आणि फोन ठेवला.

तर प्रश्न असे की हे पडदे निघतात कसे? वर कापडाने मढवलेली जी खोक्यासारखी पट्टी असते ती निघाल्याशिवाय काही दिसतच नाही, नवऱ्याने काल लोण्याच्या सुरीने ती उचकटायचा प्रयत्न केला तर कापड फाटायला लागलं म्हणून थांबवलं. आणि निघाले तर धुवायचे कशात, मशीनमध्ये टाकले तर चुण्या जातील का? थँक्सगिव्हिंगला व्हाइट सँड्सला जायचंय, तोवर झालं तर बरं.

डीझेलकाका

अगं तेजू, आधी ती सुरी स्वयंपाकघरात परत ठेव. ती पट्टी म्हणजे व्हॅलन्स, ती उचकटून निघत नाही. पडदा पूर्ण खाली ओढ, टॉर्च घे, खिडकीच्या काचेला गाल लावून वर बघ. व्हॅलन्सच्या आतल्या अंगाला एल आकाराच्या छोट्या पट्ट्या दिसतील, भिंतीत स्क्रू मारलेल्या, तेच काढायचे. आणि हे स्क्रू बहुतेक चौकोनी खाचेचे असतात, आपल्या नेहमीच्या स्टार स्क्रूड्रायव्हरने नादी लागलीस तर खाच गोल होते आणि मग बस रडत. 2 नंबरचं चौकोनी बिट आण, दोन-तीन डॉलरला मिळतं. मी पहिल्या वर्षी हा शहाणपणा केला नव्हता, तीन स्क्रू ड्रिलने फोडून काढावे लागले.

व्हॅलन्स निघाली की पडद्याची वरची ॲल्युमिनियमची पट्टी दिसते, हेडरेल. लगेच तिचे स्क्रू काढायला जाऊ नकोस. आधी खाली बघ. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत भिंतीवर पांढऱ्या प्लास्टिकच्या चकत्या किंवा बटणं असतील, पडद्यातून आलेल्या बारीक दोऱ्या तिथे गुंडाळून घट्ट केलेल्या असतात. सगळा खेळ त्या दोऱ्यांचा आहे. हा पडदा कुठेही सोडला तरी जागेवर थांबतो ना, ते कशामुळे, तर दोरी दोन कापडांच्या मधल्या पट्टीत एका बाजूने शिरते आणि आडवी जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, त्या वळणांवर घासून पडदा अडकून राहतो. वर हेडरेलमध्ये एक स्प्रिंग आहे, ती दोरीला कायम ओढून धरते. आता तू खालून दोरी सोडलीस आणि टोक हातातून निसटलं तर स्प्रिंग ते आत खेचून घेणार आणि मग पूर्ण पडदा परत ओवत बसावं लागणार.

म्हणून पडदा पूर्ण वर सरकव, जुन्या साडीच्या किंवा ओढणीच्या चिंध्यांनी दोन ठिकाणी बांध (रबरबँड नको, चुण्यांत रुततो), मग खालच्या चकत्यांचा स्क्रू सोडव, चकतीसकट दोरी वर घे आणि खालच्या पट्टीला मास्किंग टेपने चिकटव. दोन्ही बाजूंचं झालं की हेडरेलचे स्क्रू. पडदा हलका असतो, पण लांब खिडकीला दुसऱ्या माणसाने धरायलाच हवं.

प्रत्येक पडद्यामागे टेप लावून लिही, ड्रायव्हर बाजू 1, ड्रायव्हर बाजू 2 असं. नऊच्या नऊ सारखे दिसतात पण पाव इंचाचा फरक असतो, तेवढ्यावरून अडतं. स्क्रूही ज्याचे त्याच्या पिशवीत ठेव. व्हॅलन्सचे लांब असतात, ते चुकून दुसरीकडे मारलेस तर भिंत आहे बोटभर जाडीची आणि आतून वायरी गेल्यात. परत बसवताना हातानेच पिळायचे, ड्रिलने नाही, पातळ प्लायवूड आहे ते, भोक सैल होतं. सैल झालंच तर टूथपिक वूड ग्लूमध्ये (आपलं फेव्हिकॉल समज) बुडवून भोकात कोंबायची, वाळली की कापायची, मग स्क्रू धरतो.

आणि एक. फिनिक्सच्या उन्हात उभी असलेली गाडी, 2009 ची दोरी. हात लावलास की तुटणार आहे, मनाची तयारी ठेव. 1.4 मिलिमीटरची विणलेली पॉलिस्टर दोरी आधीच मागवून ठेव.

मंजू_जर्सीवाली

काकांनी काढायचं सांगितलं, मी धुण्याचं सांगते, कारण त्यात मी जे केलं ते तू करू नकोस म्हणून 😅

मशीनमध्ये अजिबात नाही. आम्ही न्यू जर्सीत अपार्टमेंटमध्ये राहतो, मी सगळे पडदे एकेक करून बाथटबमध्ये धुतले. आधी कोरडाच व्हॅक्यूम मारायचा मऊ ब्रश लावून, दोन्ही बाजूंनी, चुणी उघडून उघडून, नाहीतर कुत्र्याचे केस पाण्यात ओले होऊन कापडाला असे चिकटतात की नंतर चिमट्याने काढत बसावं लागतं. मग टबात कोमट पाणी, गरम नाही, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे. पडदा घातला, अर्धा तास ठेवला, मग हार्मोनियमच्या भात्यासारखा उघडायचा-मिटायचा, उघडायचा-मिटायचा. घासायचं नाही, पिळायचं तर नाहीच. पहिल्या पडद्याचं पाणी अमृततुल्य चहासारखं निघालं, खोटं नाही सांगत, नवरा बघायला आला आणि गुपचूप परत गेला. तीन पाण्यांतून काढला तेव्हा कुठे नितळ आलं.

एक बघायचं, रात्रीच्या जाड कापडाला मागून चंदेरी मुलामा असेल तर ते भिजत घालू नकोस, तो पापुद्र्यासारखा निघतो. कोपऱ्यात ओलं बोट घासून बघ. तसं असेल तर नुसतं साबणाच्या फेसाने टिपून घ्यायचं. ब्लीच कशालाच नको.

आता माझी चूक. पहिला पडदा धुतला आणि साडी वाळत घालावी तसा पूर्ण उघडून बाल्कनीत टांगला. वाळला तेव्हा चादर झाली होती. चुण्या गायब. परत बसवला तर मिटेच ना, ढेरीसारखा पुढे यायचा. ओला असताना मिटवायचा, बोटांनी चुण्या नीट एकावर एक बसवायच्या, चिंध्यांनी हलकेच बांधायचा आणि टबावर आडवी काठी टाकून तिच्यावर निथळत ठेवायचा, मग पंख्याखाली. मिटलेलाच वाळला पाहिजे. आमच्याकडे दोन दिवस लागले, तुमच्या फिनिक्सला तासाभरात होईल. तो चादर झालेला मग परत भिजवून मिटवून बांधून ठेवला तर पुष्कळसा सुधारला. इस्त्रीचा विचारही मनात आणू नकोस.

पुण्याचा_बंड्या

आमच्याकडे ट्रॅव्हलर व्हॅनचा कॅम्पर केलाय कोथरूडच्या एका गॅरेजमधून, पडदे लक्ष्मी रोडवरून कापड आणून शिवून घेतले, वर रेल, खाली रेल. मळले की काढायचे, मशीनला टाकायचे, संध्याकाळी परत. 2021 मध्ये सरकारने कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा वाटलं होतं आपल्याकडे पण तुमच्यासारखं सगळं येईल, आता हा धागा वाचून वाटतंय साध्या पडद्यालाच राहू दे 🙏

राईनकाठी

तेजूताई, तुमच्या उपयोगाचं थोडं कमी आहे पण युरोपातलं कोणी हे वाचत असेल तर म्हणून लिहितो. आमच्याकडे जर्मनीत मोटरहोमला असे दोरीवाले पडदे फारसे नसतात, खिडकीभोवती एक प्लास्टिकची चौकट असते आणि तिच्यातच दोन्ही, एकीकडून जाड पडदा आणि दुसरीकडून डासांची जाळी, मध्ये एकमेकांना अडकवायचे. चौकटीवरच्या छोट्या टोप्या नखाने काढल्या की खाली स्क्रू. चौकट निघते सहज, पण गुंडाळीचा रूळ तिच्यातून काढला की आतली स्प्रिंग भर्रकन उलगडते आणि पडदा परत गुंडाळायचं नाव घेत नाही. मग रूळ हाताने फिरवून स्प्रिंग भरावी लागते, एकेक फेरा मोजत, जास्त भरली तर पडदा फाडकन वर जातो, कमी भरली तर मध्येच लोंबतो. मी तीनदा काढून तीनदा भरली. म्हणून आता रूळ काढतच नाही, पडदा पूर्ण ओढायचा, मागे टॉवेल धरायचा आणि ओल्या मायक्रोफायबरने पुसायचा, वाळेपर्यंत सोडायचा नाही. ओला गुंडाळला तर बुरशी नक्की.

आणि हे महत्त्वाचं. आमच्या खिडक्या काचेच्या नसतात, ॲक्रिलिकच्या असतात. पडदा काढलाच आहे तर खिडकीही पुसू म्हणून मी घरातला काच पुसायचा स्प्रे मारला. त्यात अमोनिया किंवा अल्कोहोल असलं की ॲक्रिलिकला बारीक बारीक तडे जातात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. माझ्या एका खिडकीतून आता ऱ्हाईन नदी कायम धुक्यात दिसते. ॲक्रिलिकला साबणपाणी आणि भरपूर साधं पाणी, बाकी काही नाही. तुमच्या अमेरिकन गाड्यांना बहुतेक खरी काच असते, तरी खात्री करून घ्या.

उन्हात उभी असताना जाड पडदा पूर्ण बंदही ठेवत नाही आम्ही, पडदा आणि खिडकीच्या मध्ये इतकं तापतं की ॲक्रिलिक वाकतं.

सरळ_रोलर_लावा

एवढा उपद्व्याप कशाला? नऊ पडदे काढा, धुवा, वाळवा, ओवा, आणि दोन वर्षांनी परत तेच. मी सगळे काढून फेकले आणि रोलर शेड लावले, मापं ऑनलाइन दिली, घरी आले, चार स्क्रू, झालं. पुसायला एक फडकं पुरतं. चुण्या म्हणजे धूळ साठवायची सोय. तुमचा वेळही पैसाच आहे ना?

डीझेलकाका

रोलर चांगलेच असतात, वाद नाही. पण तिला नव्याचे पैसे घालायचे नाहीत हे तिने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. आणि नऊपैकी नऊ खराब असतीलच असं कुठे आहे, जिथे रोज वर-खाली होतो तो एखादा बदल, बेडवरचे वर्षातून चारदा हलतात. आमच्या गाडीला पुढे रोलर आहेत, मागे अजून 2006 च्या चुण्या.

तेजू, धुताना एक बघ, पडद्याच्या खालच्या कडेला तपकिरी रेघ असेल तर ती मळाची नाही, पाण्याची आहे. थंडीत खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीवर दव धरतं, ते पडदा पितो. खिडकीच्या खालच्या खाचेत बाहेरच्या अंगाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती तुमच्या धुळीने बुजलेली असणार. कान कोरायच्या काडीने साफ कर. नाहीतर धुतलेल्या पडद्यावर पुढच्या पावसात तीच रेघ.

तेजू_फिनिक्स

मंडळी, रिपोर्ट देते, जरा लांबलाय.

शनिवारी सकाळी बसलो. चौकोनी बिट आणलं होतं, व्हॅलन्स अक्षरशः पाच मिनिटांत निघाली, नवरा त्या सुरीकडे बघायला तयार नव्हता. पहिला पडदा काढला बेडवरचा, काकांनी सांगितलं तसं बांधून, टेप लावून, काही तुटलं नाही, जीव भांड्यात पडला. दुसरा पण नीट. तिसऱ्याला मी चकती सोडवली आणि दोरी हातात आली, म्हणजे तुटून पण नाही, अशी भुगा होऊन, जुन्या वर्तमानपत्रासारखी. काका, तुमच्या तोंडात साखर पडो म्हणावं का काय म्हणावं कळेना. नऊपैकी पाचांच्या दोऱ्या गेल्या, सगळे दक्षिणेकडच्या बाजूचे, गाडी नेहमी त्याच तोंडाने उभी असते.

मग ठरवलं की काढलेच आहेत तर नऊच्या नऊ नव्याने ओवायचे. जे चार शाबूत होते त्यातल्या एकाच्या टोकाच्या टोप्या काढून दोरी कुठून कुठे जाते त्याचे फोटो काढले, खरंच मधल्या पट्टीत क्रॉस होते. दोरीचं माप म्हणून पडद्याची रुंदी दुप्पट अधिक उंची आणि वर हातभर असं कापलं, तेवढं पुरून उरलं. टोक चुण्यांच्या भोकातून जाईना, नुसतं पिंजायचं, शेवटी दोन इंच टोकाला सुपरग्लू लावून वाळवलं तर सुईसारखं कडक झालं, मग नाडी ओवल्यासारखं सरसर. पहिल्याला अडीच तास, शेवटच्याला चाळीस मिनिटं. स्प्रिंग जुन्याच ठेवल्या, एक गंजली होती ती बदलली.

मंजूताई, पाणी चहासारखं नाही, कॉफीसारखं निघालं. फिल्टर कॉफी. वास तर विचारूच नका, सिगरेटच होती. पाच पाणी लागली पण पातळ कापड खरंच पांढरं आहे! बदामी आमचं नव्हतंच!! जाड कापडाला चंदेरी काही नव्हतं म्हणून तेही भिजवलं. वाळवले मिटवूनच, गॅरेजमध्ये, संध्याकाळपर्यंत खडखडीत.

आता हळद. डागावर भांड्यांचं लिक्विड थेंबभर चोळलं तर काही नाही, पिवळाच. मग मी शहाणपणा करून कपड्यांचा साबण घासला आणि डाग लालभडक झाला, कुंकवाचं बोट लावावं तसा, आठही ठिकाणी. मी घाबरले, सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला साताऱ्याला. त्या हसायलाच लागल्या, म्हणे अगं हळदीला सोडा-साबण लागला की ती लाल होते, कुंकू करतात ते कशाने मग, धू नुसत्या पाण्याने आणि उन्हात टाक. धुतल्यावर परत पिवळा झाला. पण उन्हात टाकायचा तर पडदा उघडावा लागणार आणि उघडा वाळवला तर मंजूताईंसारखी चादर होणार. म्हणून आधी मिटवून पूर्ण वाळवला, मग खिडकीला परत लावून पातळ भाग खाली ओढून ठेवला. पातळ कापड आहे, उजेड आरपार जातो. पहिल्या दिवशी फिका, चौथ्या दिवशी मला जागा शोधावी लागली. आमच्या उन्हाचा कशाला तरी उपयोग झाला.

भोकं पण साफ केली काका, एकातून चक्क मेलेली मधमाशी निघाली.

फक्त एक राहिलंय. जेवणाच्या टेबलाशेजारचा मोठा पडदा अर्ध्यात सोडला की हळूहळू खाली घसरतो, डाव्या बाजूने जास्त.

डीझेलकाका

शाब्बास. घसरतोय म्हणजे डाव्या दोरीला ताण कमी. खालची चकती अर्धा वळसा फिरव, बघ, परत अर्धा. एकदम घट्ट करू नकोस, नाहीतर तीच दोरी वळणावर घासून पुन्हा तुटेल. दोन्ही बाजू बोटाने छेडून बघ, साधारण सारखी झणझणली पाहिजे. नवी दोरी पहिले काही दिवस ताणते, त्यामुळे व्हाइट सँड्सहून आल्यावर परत एकदा करावं लागेल.

मंजू_जर्सीवाली

कुंकवाचा फोटो काढला होतास का गं?

तेजू_फिनिक्स

अर्धा वळसा पुरला काका, आता जागचा हलत नाही. फोटो कुठला मंजूताई, दोन्ही हात साबणात होते. आणि हो, शेगडीशेजारच्या खिडकीला आता फोडणीच्या वेळी पडदा पूर्ण वर आणि काचेला कपड्याच्या चिमट्याने जुनं कॅलेंडर, तेवढा नियम केलाय.